ओल की सावली

सुजाता,

तुझ्या जलदान विधीला मला बसायला खुर्ची मिळाली नाही. तुमच्या वाडीच्या वस्तीतल्या त्या सभागृहात दारापर्यंत माणसं उभी होती. आपल्या कॉलेजची जुनी पोरं, आता टक्कल पडलेली, पोट सुटलेली, रुमालाने डोळे पुसत होती. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले, तर एक बाई येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. आपलीच विद्यार्थिनी. म्हणाली, "मॅडम, सुजाता मॅडमसारखं कोणीच नाही शिकवलं आमाले." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला त्याच वर्षी, त्याच वर्गात, तोच पेपर अर्धा मीही शिकवला होता, हे तिला सांगायची ती वेळ नव्हती. पण मनात आलं, आणि आलं ते तुला सांगते. आता तुझ्यापासून लपवून काय करू?

मला तुझा हेवा वाटतो. वाटत होता असं नाही, वाटतो. माणूस गेलं की असल्या गोष्टी निवतात म्हणतात, माझ्या निवलेल्या नाहीत. तू गेल्याचं दुःख आहेच. सकाळी चहा ठेवताना ते इतकं वर येतं की मी गॅस बंद करून खाली बसते. पण त्याच दुःखाला हा हेवा चिकटलेला आहे आणि दोन्ही वेगळे करता येत नाहीत. जाऊ दे. करायचेही नाहीत.

विधी झाल्यावर प्राची मला बाजूला घेऊन गेली. तुझी लेक तुझ्यासारखीच आहे, रडायचं ते घरी रडून आलेली. म्हणाली, "मावशी, देवळातल्या त्या भिंतीवरच्या तुमच्या दोघींच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आईनं अर्धंच लिहिलंय. तुमचं भांडण जिथं थांबलं ना, तिथंच ते थांबलंय. आता तुम्ही ठरवा. तुम्ही लिहाल ते छापायले देईन."

म्हणजे बघ. इतकी वर्षं दोघी ज्यावरून भांडलो, त्याचा निकाल आता मी लावायचा. समोर तू नाहीस. मी 'ओल' लिहिलं तर ओल. 'सावली' लिहिलं तर सावली. उलटून बोलणारं कोणी नाही. मला वाटलं होतं, या घटकेला बरं वाटेल. काहीच वाटलं नाही. रिक्षात बसून महालातल्या आमच्या घरापर्यंत येताना सगळा रस्ता मी तुझ्यावर चिडत आले.

तुला आठवतं, त्या देवळात तुला पहिल्यांदा मीच नेलं होतं? आपण दोघी कॉलेजात नुकत्याच लागलो होतो. 'मध्ययुगाचा शेवट आणि कला' हा पेपर दोघींत वाटून दिलेला, युरोप माझ्याकडे आणि आपल्याकडचं तुझ्याकडे. मी जरा मिरवतच म्हटलं होतं की तुला काय शिकवायचंय ते आमच्या बोळातच आहे, चल दाखवते. आमच्या घरच्यांनी पिढ्यान् पिढ्या भोसल्यांच्या दफ्तरात कारकुनी केली, आणि ते देऊळ आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून मी त्या मंडपात खेळले होते. भिंतीवरची चित्रं मला पाठ होती. वर कृष्ण, त्याच्या बाजूला गोपी, कदंबाचं झाड, मोर. भोसल्यांचं राज्य जाता जाता कोण्या शेठने रंगवून घेतलेली ती भिंत. मला वाटलं, तू तोंडात बोट घालशील.

तू पायरीपाशी चपला काढल्यास आणि थोडी थांबलीस. म्हणालीस, "माझी आजी या बोळात कामाले यायची. या पायरीच्या वर कधी आली नाही ती." सिटी बस कुठे वळते ते सांगावं तशा आवाजात सांगितलंस. मी काही बोलायच्या आत तू आत गेलीही होतीस.

आणि तू वर बघितलंच नाहीस. आमच्याकडचे सगळे आत शिरले की मान वर करतात, कारण देव वर आहे. तू गुडघ्यावर बसलीस आणि खालची रांग बघायला लागलीस. खालच्या रांगेकडे आमच्यापैकी कोणी कधी नीट बघितलं नव्हतं. तिथे मिरवणूक आहे. लाल पागोट्याचा शेठ, त्याच्यामागे लाल डगल्यातले दोन शिपाई, पालखीचे भोई, डोक्यावर घागर घेतलेली बाई. मागे आभाळ नाही, झाड नाही, नुसता सपाट गेरू. आम्ही पोरं त्या रांगेला पाठ टेकून बसायचो. घागरवाल्या बाईचं नाक आमच्या पाठींनीच गेलेलं असणार.

"नीले, इकडे ये वं," तू म्हणालीस. "यांच्या पायाशी पाह्य. हे काय आहे?"

प्रत्येकाच्या पायाशी एक काळसर डाग होता. पायापासून निघून उजवीकडे लांबत गेलेला. मी तो जन्मभर पाहिला होता. म्हणजे पाहिला नव्हता.

"ओल आहे," मी म्हटलं. "जुनी भिंत आहे, चुन्याची."

"ओल नाही. सावली आहे."

तिथून सुरू झालं. मी तुला तेव्हाच हसून सोडलं असतं तर बरं झालं असतं, पण मला झोंबलं. आयुष्य ज्या भिंतीला टेकून काढलं, तिच्यावरचं तू आल्या पावली, चहा प्यायच्या आत पाहिलंस. मला काय वाटलं असेल? घरात पाहुणा यावा आणि आपल्याच कपाटातून आपल्याला माहीत नसलेला दागिना काढून आपल्याच हातावर ठेवावा, तसं झालं.

त्या दिवशी मग तू आमच्या घरी आलीस. आईने तुला चहा काचेच्या कपात दिला आणि आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यात पीत होतो. तो कप पाहुण्यांसाठी होता की आणखी कशासाठी, हे आईने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तू चहा प्यालीस, कप मोरीत नेऊन धुतलास आणि पालथा घातलास. पुढच्या खेपेला सरळ स्वयंपाकघरात गेलीस, फळीवरचा पेला काढलास आणि म्हणालीस, "मावशी, मले यातच द्या. काचेत चहा थंडा होते." आई तुझ्याकडे बघतच राहिली. मग तिने ओतला. ते तू कसं केलंस, माझ्या आजही लक्षात येत नाही. मी असते तर एक तर रडले असते, नाही तर परत आले नसते.

पुढे आईने तर कमालच केली. सांबारवडी केली की पहिली तुझी बाजूला. मी कॉलेजातून घरी आले की माझ्याआधी दाराकडे बघून विचारायची, "सुजाता नाही आली?" माझी आई, सुजाता. माझी! शेवटच्या आजारातही तिला तुझ्या हातचं पिठलं चाललं आणि माझ्या हातचं तिखट लागलं. मी तेच पीठ, तेच तिखट घातलं होतं. तुला हे सगळं ठाऊक होतं आणि तू त्यावर कधी काही बोलली नाहीस. उलट ताटातलं पिठलं मला वाढून म्हणायचीस, खाऊन घे, नाही तर जळून जाशील. पोटात म्हणाली नाहीस, एवढीच तुझी दया.

आता वर्गाचं. मी युरोप शिकवायचे ते काही वाईट शिकवत नव्हते. जुन्या चित्रांत देवाच्या मागे नुसतं सोनं असायचं. तिथे वेळ नाही, हवा नाही. मग हळूहळू सोनं गेलं आणि निळं आभाळ आलं, डोंगर आले, रस्ते आले. आणि कोपऱ्यात बोटाएवढा गुडघे टेकून बसणारा पैसेवाला, ज्याने चित्राचा खर्च केला तो, पिढी दर पिढी मोठा होत शेवटी संतांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मी हे नीट, क्रमाने शिकवायचे. पोरं लिहून घ्यायची आणि घड्याळ बघायची.

तू काय करायचीस? सकाळी सगळ्यांना मैदानात न्यायचीस, उभं करायचीस आणि खडूने सिमेंटवर ज्याची त्याची सावली काढायला लावायचीस. नाव घालून. मग दुपारी परत तिथेच, त्याच जागी उभं करायचीस. सकाळची सावली एकीकडे, आत्ताची दुसरीकडे. पोरं हसायची. तू म्हणायचीस, "तुम्ही तिथंच आहा. दिवस सरकला. जुन्या चित्रात पाहा, रात्र असली तरी राणीचं तोंड लख्ख दिसते, चंद्र काढला की झाली रात्र. कोणाचीच सावली पडत नाही. राजाची नाही, दासीची नाही, हत्तीची नाही. सगळे देवाच्या उजेडात उभे. मंग एक दिवस कोण्या चित्रकारानं माणसाच्या पायाशी सावली टाकली. त्या दिवशी त्यानं कबूल केलं का माणूस दिवसात राहते आन् दिवस संपते. तिथं मध्ययुग संपलं."

मी हे वऱ्हांड्यात उभी राहून ऐकलंय. हजेरीपट घ्यायला आल्यासारखं करून. सांगत होतीस ते सुंदर होतं आणि ते माझं नव्हतं.

तुला ते कुठून आलं, तेही मला ठाऊक आहे. तुझे बाबा वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांपाशी ट्रक रंगवायचे. मागच्या फळीवर कमळ, मोर आणि मालकाच्या पोरांची नावं. शाळेतून येऊन तू डबे धरायचीस. बाबा अक्षर काढून झालं की त्याच्या एका बाजूला काळा पट्टा ओढायचे, आणि तू सांगायचीस की पट्टा ओढला की अक्षर पत्र्यावरून उठून उभं राहायचं. त्याला ते सावली देणं म्हणायचे. माझ्या बाबांनी मला काय दिलं? सुंदर हस्ताक्षर आणि रजेचा अर्ज कसा लिहावा ते. मी तुझ्या वडिलांचासुद्धा हेवा केलाय, एवढं लक्षात घे.

पण भांडणात मी कच्ची नव्हते. ते तूही मान्य करशील. तू म्हणायचीस, ओल असती तर सगळीकडे पसरली असती, नेमकी पायाशीच कशी? मी म्हणायचे, ओल खालून चढते, खालच्या रांगेत पाय आहेत, पायाशी येणार नाही तर कुठे? तू म्हणायचीस, सगळे डाग उजवीकडेच कसे? मी म्हणायचे, मंडपाचा उतार मोरीकडे आहे आणि मोरी उजवीकडे आहे. तू म्हणायचीस, वर देवाच्या पायाशी काहीच नाही, गोपींच्या पायाशी काही नाही. देवाला सावली पडत नाही हे तर पोराटोरांनाही माहीत, चित्रकाराला माहीत नसेल? आणि मी म्हणायचे, बाई, वरपर्यंत ओल गेली नाही म्हणून आनंद मान.

रंग खरवडून तपासायला ट्रस्टवाले देत नव्हते, आणि ते बरोबरच होतं. त्यामुळे हे असंच चाललं.

आणि माझा हुकमाचा एक्का होता. "सावली म्हणतेस ना? मग उजेड दाखव. सूर्य नाही, चंद्र नाही, दिवा नाही. मागे नुसता गेरू. सावली पडायला कुठून तरी उजेड यावा लागतो की नाही?" यावर तू गप्प व्हायचीस. सगळ्या जगात मला तुला गप्प करता यायचं ते एवढ्या एका प्रश्नाने. मी तो जपून वापरायचे, पण वापरायचे.

खरं भांडण डागाचं नव्हतंच म्हणा. मला त्या खालच्या रांगेत घसरण दिसायची. देवाच्या भिंतीवर शेठ आला, तोही देवाएवढ्या उंचीचा, कारण पैसे त्याने दिले. भक्ती गेली आणि मिरवणं आलं. गोऱ्यांचे शिपाई आले. मी म्हणायचे, कला म्हाताऱ्या राज्याबरोबर म्हातारी झाली. तू भडकायचीस. म्हणायचीस, "तुले शेठच दिसते फक्त. घागरवालीचं काय? भोयांचं काय? त्याईले आधीच्या कोण्या भिंतीवर जागा होती? शेठनं पैसे दिले स्वतःसाठी, पण त्याच्यामागं दार उघडं राह्यलं ना, त्यातून हे शिरले. आणि सावली शेठची जेवढी, तेवढीच घागरवालीची. मोजून पाह्य." मी मोजून पाहिली नाही. मी म्हटलं, ओलीला शेठ आणि मोलकरीण कळत नाही. तू त्या दिवशी माझ्याशी बोलली नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी वांग्याची भाजी जास्तीची आणलीस. तुझं हे असं. धड राग धरू द्यायची नाहीस.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुझा आवाज बसला होता. मी खुर्ची ओढून बसले की तू डोळे मिटूनच म्हणायचीस, "आली का ओल?" नर्सला वाटायचं, औषधाने भ्रम झालाय. एकदा म्हणालीस, "मी गेली का तू ओल लिहून मोकळी होशीन."

"हो, लिहीन," मी म्हटलं. "तोपर्यंत उजेड दाखव, नाही तर सोड."

तू हसलीस. हसताना खोकला आला, मी पाणी पाजलं. मग म्हणालीस, "दाखवीन ना. इतकी घाई काहून करून राहिली?"

मला वाटलं, जायच्या आधी माणूस बोलतो तसं काहीतरी बोलतेयस. मी उशी सारखी केली. त्यानंतर आपलं त्या विषयावर बोलणं झालं नाही. मला तुला सांगायचं होतं की तुझ्याशी भांडायला मिळतं म्हणून मी इतकी वर्षं त्या कॉलेजात टिकले. बदलीची संधी मला आली होती, तुला ठाऊक नाही. गेले नाही. ते सांगायचं राहिलं. मनात म्हटलं, उद्या सांगू, आज दमली आहे.

काल दुपारी मी देवळात गेले. प्राचीचा फोन दोनदा येऊन गेला होता आणि मला 'ओल' लिहायचंच होतं. मी ठरवूनच निघाले होते. एकदा भिंत बघायची, घरी यायचं आणि लिहून टाकायचं. मरणाला घाबरून मत बदललं असं व्हायला नको, तुला तरी ते आवडलं असतं का?

मंडपात कोणी नव्हतं. पुजारी महाराज बाजूच्या ओट्यावर पाय पसरून बसले होते. मला बघून उठले आणि आत बोट दाखवलं.

खालच्या रांगेच्या डाव्या टोकाला भिंतीला लागून लोखंडी कपाट होतं ना, समया, घंघाळ, उत्सवाची वस्त्रं ठेवायचं? मी जन्मले तेव्हापासून तिथेच. मला ते भिंतीचाच भाग वाटायचं. ते तिथे नव्हतं. फरशीवर त्याच्या पायांचे गंजाचे चार ठिपके होते आणि भिंतीवर त्याच्या मापाचा एक तुकडा, बाकी भिंतीपेक्षा उजळ, धूर न बसलेला.

"बाई गेल्याचं कळलं, तवा सरकवलं," महाराज म्हणाले. "किती खेपा म्हटलं होतं त्याईनं मले, महाराज, कपाट जरासं सरकवा. मी म्हणत राह्यलो, सरकवू, सणवार होऊन जाऊ द्या, माणसं मिळू द्या. आता काय उपयोग? पण मन खाऊन राह्यलं होतं, म्हणून चौघाईले बोलावलं."

मला आधी काय वाटलं सांगू? मी या बोळातली. माझ्या आजोबांनी या मंडपाची फरशी बसवून दिली. मी म्हटलं असतं तर यांनी कपाट सरकवलं असतं का? आणि तुझ्यासाठी चार माणसं लावून सरकवलं. तू गेल्यावर! इथेही तूच.

मग मी खाली बसले. गुडघे दुखतात आता, पण बसले.

रांगेच्या टोकाला, सगळ्यांच्या पुढे, एक मशालजी आहे. धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, खांद्यावर तेलाचा बुधला. चालता चालता तो मागे वळलाय, आणि मागून येणाऱ्यांना वाट दिसावी म्हणून मशाल त्यांच्याकडे धरलीय. ज्वाळेचा पिवळा रंग इतका ताजा, जणू चित्रकार आताच हात धुवायला गेलाय. शेठ, शिपाई, भोई, घागरवाली, सगळ्यांची सावली उजवीकडे, कारण मशाल डावीकडे. आणि या मशालजीची स्वतःची सावली त्याच्या मागे, डावीकडे. एकट्याचीच. मोरीचा उतार उजवीकडे आहे आणि याचा डाग डावीकडे पडलाय. ओल अशी बाजू बदलत नाही. मी बोट न लावता पुन्हा पुन्हा बघितलं. सावलीची कड कुंचल्याने ओढलेली आहे.

मी हरले, सुजाता. ते कळायला मला क्षणही लागला नाही. आणि त्याच क्षणी मला वाटलं, हे मला आधी दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा, त्या भिंतीवरचं काहीतरी तुझ्याआधी मला दिसलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतका की मी "सुजे, इकडे ये" असं मोठ्याने म्हटलं. देवळात. माझाच आवाज मंडपात घुमला तेव्हा मला कळलं की कोणी येणार नाही.

महाराज मागे उभे होते. त्यांनाही गलबलून आलं होतं. म्हणाले, "बाईनं सांगितलं होतं तसंच निघालं, ताई."

"काय सांगितलं होतं?"

"हेच, का कपाटामागं कोणीतरी उजेड धरून उभा असन म्हणून. मांगच्या उन्हाळ्यापासून म्हणून राह्यल्या होत्या. मी म्हटलं, ताई तर इथंच राह्यते, त्याईले सांगतो, त्या माणसं पाहून देतीन. तं म्हणे, नका सांगू तिले. मी स्वतः हात धरून आणीन आन् दाखवीन."

मी तिथेच फरशीवर बसून राहिले. कपाटामागे तू कधी डोकावली नव्हतीस. डोकावता येण्यासारखी फट नव्हती. पायाशी पडलेल्या सावल्या बघून तू उलट मोजत गेलीस, सगळ्यांचा रोख धरलास, आणि न दिसणाऱ्या भिंतीवर माणूस उभा केलास. माझ्या हुकमाच्या एक्क्यावर तू गप्प व्हायचीस तेव्हा तू हरलेली नव्हतीस, तू शोधत होतीस. आणि सापडल्यावर सांगितलं नाहीस. मला तोंडावर पाडायला आली असतीस तर मी समजू शकले असते. मी असते तर तेच केलं असतं. तू हात धरून आणणार होतीस.

संध्याकाळी प्राचीला फोन केला. म्हटलं, "सावली आहे. मी लिहून देते. आणि उजेड तुझ्या आईनं शोधला, हेही लिहिणार आहे."

तिने नाक ओढलं, मग म्हणाली, "म्हणजे मावशी, संपलं का आईशी भांडण तुमचं?"

"संपन कसं वं?" मी म्हटलं. "ती मले दाखवणार होती."